वरच्या ओळीतला रुमाल

दोल, शनिवार, १० ऑक्टोबर १९८७

चि. अर्सेन यास,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. निवृत्त झाल्यापासून पायाला भिंगरी लावून हिंडते आहे. बोनला स्टेशनासमोर उकडलेल्या अंड्यांवर असलं पाणचट सॉस घातलं होतं, की तू आचाऱ्याला तिथेच चार शब्द सुनावले असतेस. ओताँला मात्र मसुरावरचं सॉसेज इतकं जमलं होतं, की बशी पावाने पुसून लख्ख केली. कॉफी तुझ्यासारखी कुठेच नाही. फुगू नकोस.

आज दुपारी सोलेनकडे जेवले. रागावलास? खुशाल रागाव. लेकीने तुझं कॅफे चालवायचं सोडून इथे स्वतःची खानावळ थाटली, तेव्हापासून तिच्या टेबलाला शिवणार नाही हा तुझा पण मला पाठ आहे. खाण तशी माती, तीही नमत नाही.

पण ऐक. दाराशी तुझ्याकडे आहे तसंच रोजच्या गिऱ्हाइकांच्या जेवणाच्या रुमालांचं फडताळ आहे, खणाखणावर नावं. वरच्या ओळीत तुझं नाव आहे. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, मालकीणबाईंच्या वडिलांचा रुमाल तो. ते अजून आलेले नाहीत, पण दर आठवड्याला बाकीच्यांबरोबर धुऊन इस्त्री होतो. उठताना माझा रुमाल वाटसरूसारखा तसाच टाकून आले. घडी घालून खणात ठेवायचा मान रोजच्यांचा.

उत्तर बझाँसाँला माझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाक. लोभ वाढव, हेका कमी कर.
तुझी ओदील

तूर्न्यू, मंगळवार, २० ऑक्टोबर

ती. ओदीलताईस,
शि. सा. न. वि. वि. मुद्दाम गेलो असं समजू नकोस. सोमवारी कॅफे बंद, घरात बसून माश्या किती मारणार, म्हणून काल दोलला जाऊन आलो. नवा कोट घातला होता. तर दाराला कुलूप! बाप येतोय याचा वास लागला असणार तिला. समोरच्या बाकावर बसून राहिलो, मग शेजारी कॉफी घेतली, ती निव्वळ धुणवणी. काचेतून फडताळ दिसलं, पण चष्मा घरी राहिला होता. नाव वगैरे तुझ्या मनाचे खेळ असतील. माझ्यापुरता हा विषय संपला.

तब्येतीला जप, आणि धाकट्यावर माया असू दे.
तुझा अर्सेन

बझाँसाँ, गुरुवार, २२ ऑक्टोबर

चि. अर्सेन यास आशीर्वाद आणि एक टपली.
अरे वेड्या, सोमवार ही सुट्टी तिला शिकवली कोणी? लहानपणापासून बाप तिला सोमवारीच रिकामा दिसला. तीही सोमवारीच कुलूप लावते. तू आपल्या सुट्टीत जातोस आणि तिने मात्र दार उघडं ठेवायला हवं, होय ना? एक दिवस तुझं दार बंद कर. मंगळवारी जा, आणि चष्मा घेऊन जा.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.
तुझी ओदील

तूर्न्यू, बुधवार, २८ ऑक्टोबर

ती. ओदीलताईस,
शि. सा. न. काल कॅफेला टाळं लावलं. मंगळवारी! पोस्टमनने घाबरून विचारलं, कुणी गेलं की काय. म्हटलं, नाही बाबा, मीच चाललोय, लेकीकडे जेवायला.

नाव आहे, ताई. चष्मा लावून वाचलं, आणि मग चष्माच पुसावा लागला. बाईंनी काही न विचारता तो रुमाल माझ्यापुढे ठेवला. सोलेन स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मोहरीतला ससा होता. मीठ कणभर कमी, बाकी माझ्यापेक्षा सरस; हे तूर्न्यूत कुणाला कळता कामा नये. जेवण झाल्यावर मी रुमालाची नीट घडी घातली आणि माझ्या खणात ठेवली. तेव्हा ती दाराशी आली. हात पुसत एवढंच म्हणाली, की गुरुवारी वाइनमधली कोंबडी असते, आणि बाबांनी उशीर केला तर उरायची नाही.

उद्या गुरुवार. कॅफे बंद असल्याची पाटी आत्ताच दाराला लावून आलो.

आशीर्वाद आहेतच, ते असेच राहू देत.
तुझा अर्सेन

ता. क. कॉफी मात्र तिची भयंकर आहे. शिकवायला वरचेवर जावं लागणार.