तारुण्य गेलं, पीटिका राहिल्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच! दुकानात आलेल्या एका बाईंना जवळचं-लांबचं दोन्ही दिसेल असा चष्मा करून दिला. नाकावर नीट बसवला, काड्या कानामागे वाकवून दिल्या आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. बाईंनी तक्ता सोडून माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई, हे काय झालंय तुला?"

म्हणजे नंबर बरोबर निघाला. तो तक्ता आता काढून टाकला तरी चालेल. गिऱ्हाइकाला माझ्या हनुवटीवरच्या पुटकुळ्या वेगवेगळ्या दिसल्या की चष्मा जमला समजायचं.

बाईंनी जाताना लिंबू सांगितलं. कालच्या काकांनी टूथपेस्ट सांगितली होती. परवाच्या आजोबांनी लग्न.

मी अडतीस वर्षांची आहे. शाळेच्या पुस्तकात यांना तारुण्यपीटिका म्हटलं होतं. तारुण्य कधी आलं नि कधी गेलं, कळलंसुद्धा नाही. पीटिका मात्र मुक्कामाला राहिल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. फार गोड बोलायला लागले तेव्हाच ओळखलं. माझा अनुभव मोठा आहे म्हणे, काउंटरवर तो वाया जातो, उद्यापासून मी आत बसून डोळे तपासावेत. आतली खोली म्हणजे काळोख — तपासताना दिवे मालवलेलेच असतात. वा! म्हणजे माझी बढती थेट अंधारात झाली.

काउंटरवर आता नवी पोर. चेहरा कसा, आत्ताच पुसलेल्या काचेसारखा. तिला अजून फ्रेम सरळ करता येत नाही, पण आरशात गिऱ्हाइकाच्या शेजारी शोभून दिसते. मालकांचं टक्कल मात्र दर्शनी भागातच बसतं. त्याच्या अनुभवाची आत कोणाला गरज नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मावशीचा फोन आला होता. आई तिला सांगत होती, "हिचा चेहरा आता अगदी नितळ झालाय. मी म्हणत नव्हते, वय वाढलं की जातात?"

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत नाही, दारात कोण आलं ते आवाजावरून ओळखते. अख्ख्या जगात मला नितळ म्हणणारं एकच माणूस, आणि त्याला हे असं दिसतं!

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. उलट दिवसभर जरा ताठ चालले. घरातल्या घरात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर ती बाहेर बाकावर बसली, तेव्हा त्यांनी मला सांगितलं की मोतीबिंदू पुरता पिकलाय, आता थांबण्यात अर्थ नाही, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. मी म्हटलं, कळवते.

घरी येताना आईला सांगितलं की त्यांच्या तारखा भरल्यात, बरेच दिवस लागतील. ती म्हणाली, बरं.

का बोलले मी असं? दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून राबते, त्यावर पोट भरते — आणि घरी हे!

कारण माहीत आहे. लिहायचं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. धास्ती ही, की बाहेर सगळी शाळकरी मुलं असतील आणि मी त्यांची आजी दिसेन. प्रत्यक्षात बाकावर एक काळ्या कोटातली वकीलबाई, एक कडेवर मूल घेतलेली आणि एक माझ्याहून मोठी, केस पिकलेली. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. कोणी कोणाकडे पाहिना. जणू दरोडा घालायला निघालोय आणि ओळख दाखवायची नाही असं ठरलंय.

डॉक्टरबाईंना विचारलं, हे वयात येतानाच होतं ना? त्या म्हणाल्या, काहींचं तिथेच थांबतं, काहींचं थांबत नाही. बायकांमध्ये तिशी-चाळिशीतही दिसतं, विशेषतः हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला. त्यात घाणेरडं असं काही नाही, त्यामुळे घासून घासून धुवायचं नाही. लिंबू आणि टूथपेस्ट बंद. मलम लावायचं आणि निदान तीन महिने धीर धरायचा. फोडायच्या नाहीत. मी म्हटलं, फोडत नाही. त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं.

तीन महिने! आईचं ऑपरेशन तीन महिन्यांनी केलं तर? तोवर चेहरा खरंच नितळ झाला, तर ती खोटी पडणार नाही.

लिहिलं शेवटी. वाचायला फारच वाईट दिसतंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मलमाने कातडी सोलली. पुटकुळ्या जागच्या जागी, फक्त आता भोवताली लाल रंगही आलाय.

नवी पोर जेवणाच्या सुट्टीत आतल्या खोलीत आली. दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही कुठलं मलम लावता?" गालावरची पावडर बोटाने पुसून दाखवली. मालकांनी काउंटरवर कोणाला बसवलंय ते त्यांना कळलं तर! मी तिला डॉक्टरबाईंचा पत्ता दिला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आईचा हात भाजला.

मी दुकानात होते. तिला चहा करायचा होता. गॅसची ज्योत दिसली नाही, बाही पेटली. शेजारीण धावली म्हणून निभावलं. मनगटाच्या वर चांगलाच पट्टा लाल झालाय. मी पोचले तर आई मलाच समजावत होती, माझंच लक्ष नव्हतं गं.

तिच्या हाताला औषध लावलं. ते झाल्यावर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. हात जरा सुकला की करू म्हणाले. तारीख चटकन मिळाली. मिळणारच होती.

मग आईसमोर बसले आणि सांगितलं, "तारखा होत्या. मीच लांबवलं."

तिने का ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

९ मार्च, सोमवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आई मजेत आहे, भूल देणाऱ्या डॉक्टरला त्याच्या लग्नाचं विचारून आली.

उद्या पट्टी निघणार. आणि आज हनुवटीवर नेमक्या दोन नव्या! सकाळी पावडर लावून पाहावी का?

लावून पाहिली. पुसून टाकली.

१० मार्च, मंगळवार

पट्टी निघाली. आईने आधी खिडकी पाहिली, मग मला. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "आहेत की गं अजून," म्हणाली. मग माझं बोट धरून स्वतःच्या गालावर फिरवलं — बारीक बारीक खड्डे. मी आजवर त्यांना सुरकुत्या समजत होते.

"मला तर तू कॉलेजात जाईपर्यंत होत्या. तुला कधी दिसल्या नाहीत?"

नाही दिसल्या.