पायाला गार लागलं

फिजा बेटा, सलाम.

आज मशिदीत नमाजाआधी वजू करताना पायावर पाणी ओतलं आणि चक्क गार लागलं! दोन वर्षांनी! मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचा झुबेर दचकला.

तुला कधी सांगितलं नाही. रक्तातल्या साखरेमुळे माझ्या तळव्यांच्या नसा बधिर झाल्या होत्या, वर रात्री पायांची जळजळ व्हायची. मागे टाचेत काच घुसली, तर फरशीवरचं रक्त आधी तुझ्या अम्मीला दिसलं. मला वाटलं, आता पायच कापतील.

मांडवीच्या फिजिओथेरपिस्ट मनाल म्हणाल्या, "चाचा, यात कापाकापी नाही, सुई नाही. मशीनच्या पट्ट्या पायाला लावून हलका करंट दिला की जळजळ कमी होईल. पण साखर ताब्यात हवी, तोल सांभाळायचे व्यायाम हवेत, आणि तळवे रोज आरशात बघायचे."

"पूर्ण बरा होईन?"

"तसं वचन देणार नाही. काहींना फरक पडतो, काहींना नाही."

सहा महिने न चुकता केलं आणि आज हे!

पत्र मात्र टाकत नाही. काचेचं वाचलंस तर पुण्याहून परीक्षा सोडून धावत येशील. आधी पेपर संपव. तू आलीस की एसटी स्टँडवर मी चालत घ्यायला येईन आणि सगळं तोंडाने सांगेन. मग हवं तेवढं रागाव.

तुझा अब्बा,
जैनुद्दीन