बाबूजींच्या चालण्याचा पगार

बालाघाट,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी (इंग्रजी तारीख तुझ्या फोनवर आहेच)

चि. सौ. पौर्णिमा हिस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. श्री. अश्विनरावांना सादर नमस्कार (ते जावई म्हणून सादर, पुढे त्यांच्याविषयी जे येणार आहे ते तितकंसं सादर नाही). इकडे मी, तुझी वहिनी आणि बाबूजी ठीक आहोत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळव. या पत्राशी त्यांचा संबंध आहे.

आधी तक्रार. तक्रार चपलांची आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने नोंदवत आहे. गेल्या बुधवारी मी दहावीच्या वर्गावर तुझ्या वहिनीच्या चपला घालून गेलो. रंग फिका जांभळा, अंगठ्याजवळ प्लास्टिकचं फूल. धडा वैराग्यावर होता (निवड पाठ्यपुस्तक मंडळाची, माझी नव्हे). मुलांनी अख्खा तास मान खाली घालून ऐकलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एवढा विनय मी पाहिला नव्हता. तो फुलाला होता हे मागाहून कळलं. कारण इतकंच, की राखीपासून बाबूजींनी स्वतःच्या चपलांचे तीन जोड झिजवले आणि आता ते सकाळी सहाला माझ्या चपला घालून निघतात.

तू परवा फोनवर विचारलंस, त्या चालायच्या अ‍ॅपमधून बाबूजींना खरंच महिन्याला तीनशे रुपये मिळतात का, मिळत असतील तर सासूबाईंनाही लावून देते. मी ‘हौ, पाहू’ म्हणून फोन ठेवला, कारण बाबूजी शेजारीच बसले होते आणि त्यांचे कान अजून खाणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाचे आहेत. म्हणून हे पत्र. वाच, आणि कुठल्याही ग्रुपवर टाकू नको.

वैशाखात आई गेली आणि बाबूजी खाटेवरून उठेनासे झाले, ते तू पाहिलंसच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना रोज चालवा, नाही तर दिवाळीपर्यंत पाय कायमचे बसतील. मी विनवण्या केल्या, तुझ्या वहिनीने जेवण बंद करण्याची धमकी दिली (ते ‘बरं’ म्हणाले, त्यामुळे धमकी मागे घ्यावी लागली). मग राखीला तुम्ही आलात आणि अश्विनरावांनी बाबूजींच्या फोनात ते अ‍ॅप टाकून दिलं: चला आणि कमवा. बाबूजी उठून बसले. ‘किती देते?’ एवढंच विचारलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत टाइमकीपर म्हणून दुसऱ्यांची हजेरी लावली, त्याला फुकट चालणं म्हणजे रिकामपण वाटे. पगारी चालणं ही ड्यूटी.

दुसऱ्या दिवशीपासून सकाळी सहा ते आठ फर्स्ट शिफ्ट, मोती तलावाला फेऱ्या. संध्याकाळी काली पुतली चौकापर्यंत जाऊन परत, तो ओव्हरटाइम. रोजची पावलं एका लांब वहीत, बेरीज लाल शाईने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी अश्विनरावांना मनातल्या मनात दीर्घायुष्य चिंतलं. (ते मी अजून परत घेतलेलं नाही. विचार चालू आहे.)

आता अ‍ॅपचा पूर्वपक्ष ऐक. शंभर पावलांना एक नाणं. दोन हजार नाणी जमली की तीनशे रुपये. मात्र प्रत्येक नाणं पदरात पडण्याआधी अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात पाहावी लागते. म्हणजे दोन लाख पावलं चालायची आणि वर जवळजवळ सतरा तास, एक बाई टाइल्स कशा पुसते ते पाहायचं. बाबूजींनी पाहिलं. नाणी जमली, बटण दाबलं. अ‍ॅप म्हणालं, पाच मित्र आणा. त्यांनी महागूकाका आणि प्रेमलालकाका आणले, देवळातून आणखी तिघं धरून आणले. अ‍ॅप म्हणालं, अर्ज विचाराधीन आहे. आठ दिवस विचार करून त्याने दाढीच्या तेलावर दहा टक्के सूट दिली. बाबूजी रोज गुळगुळीत दाढी करतात.

‘काहून रे लोकेश, पहिली तारीख होऊन गेली न? पगार काहून नाही आला?’ त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, येईल. त्या संध्याकाळी ते ओव्हरटाइमला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टही चुकली. तिसऱ्या दिवशी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

चौथ्या दिवशी पगार झाला. सत्तरीच्या वरच्या कामगारांचा पैसा कंपनी मुलाच्या खात्यावर पाठवते, असा एक नियम मी उभ्या उभ्या तयार केला आणि तीनशे रुपये पाकिटात घालून दिले. त्यांनी पगारपत्रक मागितलं. तेही मी शाळेच्या प्रिंटरवर काढलं; नाव, हजेरी, कपात निरंक. त्यांनी चष्मा लावून ते आपल्या वहीशी ताडलं आणि दहा रुपये माझ्यापुढे ठेवले. ‘तुह्या कंपनीनं एका दिवसाची हजेरी जास्त लावली. मी त्या दिवशी किरनापूरले तेरवीले गेलतो. वापस कर. फुकटचं मले नको.’ पौर्णिमा, त्या दहा रुपयांचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही. संस्कृतच्या पुस्तकात ठेवले आहेत.

पगार झाल्याची बातमी तलावाभोवती फिरली. महागूकाका दारात आले, बाबूजींच्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाले, ‘भैयालालले भेटते, त मले काहून नाही भेटत?’ त्यांच्या मागे प्रेमलालकाका, ‘मास्टर, अपना भी देखो जरा. हम लोग क्या बगैर पैर के चल रहे हैं?’ त्यांना खरं सांगावं तर ते बाबूजींच्या कानावर जाईल. तेव्हा दोन पाकिटं आणखी. तुझी वहिनी दर एक तारखेला मला शेठ म्हणते. ‘काय हो शेठ, मजुरी वाटली का? घरातल्या गड्याचं कधी पाहता?’

गेल्या महिन्यात प्रेमलालकाकांनी फोन नातवाच्या पाळण्याला बांधला. दुपारपर्यंत चौदा हजार पावलं झाली. बाबूजींनी आकडा पाहिला, प्रेमलालकाकांचे पाय पाहिले आणि सरळ त्यांच्या घरी जाऊन पाळणा पकडला. खोटी हजेरी! तीन दिवस निलंबन. रात्री जेवताना म्हणाले, ‘खदानीत बी असे होते. मी कोनाची खोटी हजेरी नाही लावली, साहेबाची बी नाही.’ मी ताटातल्या भाताकडे पाहत होतो. पगारपत्रकाची नवी प्रत माझ्या दप्तरात होती. दिवाळीला तिघांनी सही करून महागाई भत्त्याचा अर्ज दिला, वर पाठव म्हणाले. मी तो वर पाठवला (माळ्यावर), कंपनीच्या वतीने सहानुभूतीपूर्वक विचार केला आणि माणशी पंचवीस रुपये वाढवले.

सिद्धान्त असा. अशा अ‍ॅपांत वेळ घालवणं परवडतं का, तर नाही. अ‍ॅपने आजवर एक पैसा दिलेला नाही, देईल असं लक्षण नाही, आणि फोनात काय काय वाचून घेतलं ते तेच जाणे. पण डॉक्टर म्हणतात, बाबूजींची साखर उतरली आणि पाय तिशीतले झाले. तेव्हा सासूबाईंना चालवायचं असेल तर अ‍ॅपची गरज नाही. खोटं बोलणारा एक मुलगा घरात हवा, आणि अश्विनराव या कामाला सर्वथा योग्य आहेत.

तुझा,
लोकेशदादा

ता. क. तीन जणांचा पगार एका संस्कृत शिक्षकाला झेपत नाही. ही आस्थापना ज्यांनी सुरू केली त्या अश्विनरावांनी निम्मा भार उचलावा, अशी विनंती. पाकिटं मी आणीन.

ता. क. दुसरा. पैशांचं राहू दे, भागवतो आहे. ते लिहायला मी बसलो नव्हतो. गेल्या शुक्रवारी बाबूजी आठला परत आले नाहीत. नऊला बस स्टँडवरून एका पानठेलेवाल्याचा फोन आला. मी गेलो तेव्हा ते मलाजखंडच्या गाडीच्या दारात उभे होते, काखेत ती वही, आणि कंडक्टरला सांगत होते, ‘जल्दी करो भाई, फर्स्ट शिफ्ट की हाजरी मुझे लेनी है.’ मी दंड धरला. त्यांनी वळून पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, ‘तुम्ही कोन्या सेक्शनचे?’ चहाचा अर्धा कप होईपर्यंत सगळं परत आलं. शाळा सोडून इथे काय करून राह्यला म्हणून मला रागावलेही. तुझ्या वहिनीला मी अजून सांगितलेलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून चालतो. चालणं थांबवलं तर ते पुन्हा त्या खाटेवर जातील. चालू ठेवलं तर एक दिवस माझी नजर चुकेल. आणि ती नोकरी मीच त्यांच्या हातात छापून दिली आहे. तिच्यामुळे झालं की ते होणारच होतं, हे मला ठरवता येत नाही. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. ते काय सांगतील ते एकट्याने ऐकण्याची माझी तयारी नाही. तू ये. मले भेव वाटून राह्यलं, पौर्णिमा.