कापसाच्या फोटोतली सुमन

१२ जानेवारी, सोमवार
सकाळी वहिनी आल्या. ८ फेब्रुवारीला सुमनचं वर्षश्राद्ध, आणि भिंतीवर अजून फोटो नाही. "भावजी, आधारचा फोटो मोठा करून घ्या. तुमच्या भावाचाबी तसाच केल्ता. मागं निळं, गळ्यात हार. गोरंबी करून देतो तो."
बरं म्हणालो. त्या गेल्यावर आधार कार्ड काढलं. त्यात सु. चोरी पकडल्यासारखी दिसते.
लेकीच्या, पल्लवीच्या लग्नातले फोटो पाहिले. तीनमध्ये डोळे मिटलेले. बाकीच्यांत पाठ. कॅमेरा दिसला की हिला हटकून काम आठवायचं.

१३ जाने.
मोबाइलात एक सापडला. परवाच्या साली कापूस भिजला होता तेव्हाचा. शेतातल्या शेडपुढे ताडपत्रीवर वाळत घातलेला. शेजारच्या शेतातल्या शब्बीरभाईंनी व्यापाऱ्याला दाखवायला काढला, मलाही पाठवला. कापूस नुसता चुन्यासारखा पांढरा. मागे शेडच्या दारात, आतल्या बाजूला सु. उभी. तोंड काळं. बांगड्या आणि कपाळाची कड तेवढी दिसते.
ती या फोटोत आहे हे आज कळलं.

१५ जाने.
पल्लवीला पुण्याला फोन. तिचा जुना लॅपटॉप इथेच आहे. म्हणाली, "एचडीआर करून बघा ना, बाबा. उन्हातलं आणि सावलीतलं दोन्ही दिसतं."
"म्हणजे काय?"
"आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं. कॅमेऱ्याला एकच काहीतरी धरावं लागतं. ते."
संध्याकाळी शेतात गेलो तेव्हा मुद्दाम शेडच्या आत उभा राहिलो. बाहेर उन्हातली ज्वारी आणि आत कोपऱ्यातली कुदळ. दोन्ही दिसतात. मग मोबाइल धरला. ज्वारी दिसली तर कुदळ नाही, कुदळ दिसली तर ज्वारी नाही. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसतोय, हे कधी करून पाहिलं नव्हतं.

१७ जाने.
पल्लवीने फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. दोन पट्ट्या महत्त्वाच्या. एक उजेड खाली आणते, एक सावली वर. कापसातला पाला दिसायला लागला. सु.चं नाक आलं. आणखी ओढल्यावर लाल-निळे ठिपकेच. मागे सारली. पुन्हा ओढली. जेवायचं राहून गेलं.

१८ जाने., रविवार
एका व्हिडिओत सांगितलं, फोटो एकच असला तरी चालतो. त्याच्या तीन प्रती करा. एक काळपट, एक आहे तशी, एक उजळ. मग तिन्ही एकत्र करा. पटेना. एकच द्रावण तीन परीक्षानळ्यांत ओतलं म्हणून तीन द्रावणं होत नाहीत.
तरी केलं. आभाळ जांभळं झालं. पत्र्याचा गंज मोजता येतो. आणि सु.च्या डोक्याभोवती उजेडाचं कडं. पट्टी जास्त ओढली की असं होतं म्हणे. का होतं ते बघायचंय.

१९ जाने.
वहिनींनी लॅपटॉपकडे पाहून आधी हात जोडले, मग चष्मा लावला. "अगं बाई, ही सुमन व्हय? मला वाटलं क्यालेंडरची देवी. आन तोंडाला काजळी कशाची? पार म्हातारी केली तुम्ही तिला."
भोकरदनच्या फोटोवाल्याला मात्र आवडला. "कडं राहू द्या काका. लोक मागून घेतात."
पल्लवीला पाठवला. तिचं उत्तर: नको. मग थोड्या वेळाने: व्हॉट्सॲपवर फोटो बारीक होतो, शब्बीरकाकांच्या मोबाइलातला मूळ आणा.

२२ जाने.
शब्बीरभाईंच्या घरी. शेळ्या, नात, शेळ्या, कुणाचं तरी लग्न, पुन्हा नात. अर्ध्या तासाने कापूस आला. एक नाही, दोन.
"हा दुसरा खराब झाल्ता, मास्तर. मोबाइलच्या काचेवर बोट कापसावर ठेवायचं तर भाभींवर पडलं. कापूस सगळा गायब. व्यापारी म्हनला असता, उजेड पाठवला का मला. मंग न्हाई पाठवला कुणालाच."
या दुसऱ्यात बाहेर काहीच नाही. शेत नाही, ताडपत्री नाही, सगळं कोरं. आणि दारात सु., स्वच्छ. काळी नाही, गोरी नाही, तिचा होता तो रंग. तोंड जरा उघडं. उजवीकडे बाहेर बघून काहीतरी सांगतेय.
ओट्यावर बसलो. शब्बीरभाईंनी आत चहा सांगितला आणि तेही बसून राहिले.
कुणाशी बोलत होती, विचारलं.
"तुमच्याशीच. तुम्ही मोटरीकडं चालल्ते. काय म्हनल्या ते ध्यानात न्हाई बघा. मी कापूस बघून राह्यल्तो."

२५ जाने., रविवार
आता खरोखरीचे दोन. पहिल्यात कापूस धरलाय, दुसऱ्यात ती. एकत्र केले. दोन नाकं, तीन डोळे. दोन फोटोंच्या मध्ये तिने मान वळवलीय. पहिल्यात कापसाकडे बघत गप्प, दुसऱ्यात बोलती. मध्ये किती वेळ गेला, तेही फोटोसोबत नोंदलेल्या वेळेवरून कळतं. चार सेकंद.
हललेल्या जागी कोणता फोटो धरायचा, असं सॉफ्टवेअर विचारतं. पहिला धरला, पुन्हा काळं तोंड. दुसरा धरला.
पट्ट्या फार ओढल्या नाहीत. कापसाचं बोंड न् बोंड दिसतं, आणि ती. शेडमध्ये उभं राहून दिसतं तसं.

३१ जाने.
फ्रेम करून आणली. वहिनी बघत राहिल्या. म्हणाल्या, "तीच हाये." मग म्हणाल्या, "पन तोंड उघडं? पानावर बसलेल्या लोकांपुढं बोलती बाई लावायची का भावजी? मिटून घ्या की त्या कॉम्प्युटरात."
मिटता येतं. फोटोवाला म्हणाला, आधारच्या फोटोतले ओठ लावू, दहा मिनिटांचं काम.
बघतो म्हणालो. वहिनींनी पिशवीतून दुसरी फ्रेम काढून टेबलावर ठेवली. आधारचा फोटो, मागं निळं. स्वतः जाऊन करून आणलाय. त्यांना बोलायला तोंड राहिलं नाही मला. सु.च्या आजारपणात दोन महिने त्यांनीच केलं.

६ फेब्रु.
पल्लवी आली. बॅग खाली न ठेवताच फोटोपुढे उभी.
"आई काय म्हणते इथं?"
"माहीत नाही."
"तुम्हालाच म्हणतेय ना?"
"मी मोटरीकडं चाललो होतो."
"मग काय केलं तुम्ही? थांबलात?"
तेही आठवत नाही. तिला तसं सांगितलं. ती बॅग घेऊन आत गेली.

७ फेब्रु., शनिवार
दाढी करताना आरशात एकेक शब्द म्हणून पाहिला. 'अहो' म्हणताना तोंड जवळजवळ तसं होतं. 'लाईट आली' मधल्या आ-लाही होतं. 'जेवून जा' ला होत नाही. 'सावकाश' ला सुरुवातीला होतं.
पल्लवी दारात कधीची उभी होती. हसेल असं वाटलं. ती म्हणाली, "बाबा, 'चहा' म्हणून बघा."
म्हटलं. तेही होतं.
मग तिने स्वतः चार-पाच शब्द म्हणून पाहिले. आईचे होते सगळे. दोन मी विसरलो होतो.
भिंतीत एकच खिळा ठोकलाय. दोन्ही फ्रेम टेबलावर. वहिनी सकाळी सातला येणार.