कापड स्वप्नालीला, खांब मंगलला

मी, बनाबाई नाथाजी विरकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा आधी मेंढरं, नंतर अंगणवाडी सेविका, आता काही नाही, राहणार म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्याच डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचा फोटो उजेडाला धरून "संक्रांतीपर्यंत धरून चला" असे सांगितले. तो फोटो टाचलेला नाही, कारण तो मी चुलीत घातला. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दाब नाही. आहे तो माझ्याच मनाचा, आणि तो सहा वर्षांचा आहे.

वकील लालासाहेब म्हणाले, "मावशी, एवढ्याशा मिळकतीचं मृत्युपत्र एका पानात होतंय." मी म्हटलं, तुमचं होत असंल.

माझे पती नाथाजी हे दिवाळीनंतर, २०१९ साली वारले. मला मुलगे दोन. थोरला इंद्रजित, फौजेतून निवृत्त, राहणार सातारा; त्याची बायको मंगल आणि मुलगी प्रांजल. धाकटा अमृत, राहणार सांगली. त्याची बायको स्वप्नाली. हे दोघे भाऊ सहा वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. एक दिवाळीला आला तर दुसरा पाडव्यानंतर येतो. मी दोनदा फराळ करते आणि दोन्ही वेळा एकटीच रडते. हे मिळकतीत धरायचे की कसे, ते वकिलांनी ठरवावे.

कलम १. म्हसवडचे राहते घर, तीन खोल्या, पत्र्याची पडवी आणि मागचा हौद, माझ्या दोन सुना मंगल व स्वप्नाली यांना निम्मेनिम्मे. मधे भिंत घालायची नाही. घातली तर पडवीतली चूल ज्या बाजूला जाईल तिकडची सून रोज दुसरीला भाकरी करून देईल.

कलम २. माळावरचे दीड एकर नात प्रांजल हिला. तिथे हुलग्याशिवाय काही येत नाही, पण तिथे बसले की म्हसवडच्या सिद्धनाथाचे शिखर दिसते.

कलम ३. माझी नणंद चंद्राबाई हिने माझा पितळी हंडा लग्नात वापरायला म्हणून नेला आणि परत दिला नाही. विचारले की "व्हय गं, देते की," म्हणते. तो आता तिलाच राहू द्या. त्याचे झाकण माझ्याकडे फडताळात आहे, तेही तिला पोचते करावे. बिचारी इतकी वर्षे उघड्या हंड्याचं पाणी पीत असेल.

कलम ४. मेंढरे कातरायची कातर नाथाजींचा जोडीदार कोंडीबा याला. हा माणूस अजून मेंढरे चारायला घाट उतरून जातो. त्याने मला एकदा शहाणपणाचा शब्द सांगितला होता आणि मी तो ऐकला नाही. त्याबद्दल पुढे लिहिते. सोप्या कलमांत रेंगाळते आहे, कळतंय मला.

कलम ५. टपालात आणि बँकेत माझी जी काही शिल्लक असेल ती सगळी एका तंबूसाठी. इथे वकिलांनी चष्मा काढला. "मावशी, तंबू?" तंबूच. तो कसा निवडायचा ते नीट लिहिते.

तंबू मोठा आणि जाड सुती कॅनव्हासचा घ्यावा. सगळे कुटुंब एका गाडीतून जाऊन एका कापडाखाली झोपेल, एवढा. दुकानदार आठ माणसांचा म्हणून दाखवील त्यात पाचच माणसे झोपतात. त्याची आठ माणसे म्हणजे कूस न बदलणारी, बिनपिशव्यांची आणि एकमेकांवर राग नसलेली. म्हणून बारा माणसांचा मागा. नायलॉनचा स्वस्त आणि हलका पडतो, पण दुपारी आत भाजून निघते आणि पहाटे आतूनच पाणी गळते. मधल्या खांबापाशी पटका बांधलेला माणूस ताठ उभा राहिला पाहिजे. दारे दोन, समोरासमोर, वारा आरपार जायला. तळाचे कापड भिंतीला शिवलेले आणि वीतभर वर घेतलेले, म्हणजे माळावरचे पाणी आत शिरत नाही. खांब लोखंडी. वजन लय होतं, एकट्याला उचलत नाही, गाडीच्या टपावर दोघांनीच चढवावा लागतो. ते चांगलंच आहे. दुकानात उभा करून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि आत आडवे होऊन बघा. लाजायचं काय त्यात?

आणि सगळ्यात महत्त्वाचे. कोरा कॅनव्हास साध्या पाण्याने एकदा भिजवावा आणि उभा करून वाळवावा. सूत फुगते, शिवणीची भोके बुजतात. साबण नाही, सोडा नाही, खळ नाही. साधं पाणी.

हे सगळे मला अमृतने शिकवले. सहा वर्षांपूर्वी असाच तंबू त्याने निवडला होता. आमचे मालक जन्मभर पालात झोपलेले, मेंढरे विकल्यावर स्लॅबखाली त्यांचा डोळा लागेना. एकदा सगळ्या पोराबाळांना घेऊन कापडाखाली झोपायचे, एवढीच त्यांची हौस. इंद्रजितने मोठी गाडी घेतली होती. तो म्हणाला, दिवाळीत पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला माळावर जाऊ. तंबूचे काम अमृतकडे. तो सांगलीत तीन रविवार एकाच दुकानात गेला. सात माणसांची मापे घेऊन गेला, वर्तमानपत्रे अंथरून आडवा झाला, बापाचा पटका किती उंच लागतो ते विचारायला मला फोन केला. दुकानदार हसला म्हणे. हसू दे. माझ्या पोराने तंबू चांगला निवडला होता. हे वाक्य मी शपथेवर लिहिते.

कलम ६. आता खरे.

निघायच्या दहा दिवस आधी तंबू माझ्याकडे आला. अमृत फोनवर म्हणाला, "आये, साध्या पाण्यानं एकदा भिजव, वाळव, बास. दुसरं काय करू नगं." कापडाला मेणाचा, रॉकेलसारखा वास येत होता. मी म्हटलं, ह्या वासात माझी नात झोपायची? कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि कापड घासून घासून धुतलं. वास गेला. वासाबरोबर पाणी अडवणारं मेणही गेलं, हे मला कोण सांगणार? मग कापड मऊ पडलेलं बघून मी दुसरा शहाणपणा केला. आमच्याकडे कोऱ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तिनं घोंगडी ताठ उभी राहते. माझ्या आईनं दिली, सासूनं दिली. मी चिंचोके भाजले, भिजवले, वाटले, शिजवले आणि कुंच्यानं सगळ्या तंबूला खळ चढवली. दोन दिवस लागले. तंबू पापडासारखा कडक झाला.

कोंडीबा तेव्हा दारात आला होता. म्हणाला, "बानू, कापडाला खळ लावत्यात व्हय गं? ती लोकरीची गोष्ट हाय." मी म्हटलं, "तू तुझी मेंढरं बघ."

पाटणच्या माळावर तंबू उभा राहिला तेव्हा मालक आत जाऊन मधोमध उभे राहिले. पटका बांधून. "बाने, डोकं टेकत न्हाई!" असं म्हणाले. त्यांचं असं हसू मी मेंढरं विकल्यापासून बघितलं नव्हतं. दिवेलागणीला पाऊस आला. त्या साली दिवाळीतही पाऊस हटला नव्हता. अर्ध्या तासात कापड गळायला लागलं, आणि गळालं ते पाणी नव्हे, पांढरं, चिकट. भाकरीवर, अंथरुणावर, मालकांच्या पटक्यावर. गाडी चिखलात रुतली, निघता येईना. त्यांच्या छातीत आधीच दमा. नवव्या दिवशी साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला.

इंद्रजित लहानपणापासून आश्रमशाळेत आणि मग फौजेत, त्याला खळीचा वास ठाऊक नाही. त्या रात्री तंबूतच त्याने ते पांढरं बोटावर घेतलं आणि ओरडला, "रसायन फासलेला फसवा माल उचललास व्हय रं?" अमृतनेही बोटावर घेतलं. त्यानं हुंगलं. अमृत माझ्या मांडीवर बसून खळ शिजताना बघत मोठा झालाय. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आणि तो भावाला म्हणाला, "चुकलं माझं."

अरे देवा. 

दहाव्याला सगळ्या भावकीसमोर इंद्रजित म्हणाला, "ह्याच्या तंबूनं बाप मारला." अमृत मुंडन केलेल्या डोक्यानं उभा होता. तेव्हाही त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी तिथं पाच हातांवर होते. मीही घेतलं नाही. तो न जेवता एसटीत बसून गेला, तो गेलाच.

नंतर मी तीनदा सांगायला गेले. साताऱ्याला जाऊन म्हटलं, "इंद्रा, त्या तंबूचं..." तो म्हणाला, "आये, त्याचं नाव काढू नगंस." आणि मी काढलं नाही. मला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. सांगलीला गेले की अमृत मला बोलूच देत नाही. "आये, च्या घे," म्हणतो. सहा वर्षं माझं पोर माझ्या चुकीची शिक्षा भोगतंय आणि वर मला चहा पाजतंय.

जुना तंबू माळ्यावर पोत्यात आहे. उंदरांनी कुरतडलाय, चिंचोका त्यांना गोड लागतो. ज्याला खात्री करायची असेल त्याने हुंगावा.

इंद्रजित, तुझ्या बापाला तंबूनं नाही, माझ्या शहाणपणानं घालवलं. शिव्या द्यायच्या त्या मला दे, मी अजून ऐकू शकते. अमृतशी एक शब्द बोल. मी पाया पडते रं.

कलम ७. नवा तंबू दोन सुनांचा. कापड स्वप्नालीला, खांब आणि खुंट्या मंगलला. कापड सांगलीत राहील, खांब साताऱ्यात. एकाला दुसऱ्याशिवाय उभा करता येणार नाही. नाथाजींची काळी घोंगडी तंबूत मधे अंथरावी. ती कोणाच्या घरी न्यायची नाही.

कलम ८. माझे मुलगे इंद्रजित व अमृत यांना मी काहीही ठेवत नाही. ना घर, ना माळ, ना एक वाटी. वकील म्हणाले, "मावशी, पोरं काय म्हणतील?" त्यांनीच मला सांगितलं होतं की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला मिळकत मिळते त्यानं साक्ष घालू नये, पुढं भांडणं होतात. मला साक्षीदार दोन पाहिजेत. मला पोरं दोनच आहेत. म्हणून काही ठेवलं नाही.

आज मी दोघांना बोलावलं आहे. प्रत्येकाला सांगितलं, दुसरा येणार नाही. खोटं बोलले, एवढ्या पापात ते एक चालून जाईल. हे सगळं वकील मोठ्यानं वाचत असतील तेव्हा तुम्ही दोघं ह्याच खोलीत असाल. कोणी उठून जाऊ नका. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, मला ठाऊक आहे. तसं केलं असतं तर मी सुटले असते आणि तुम्ही भांडत राहिला असता. मी लय वेळा सुटले. मला तुम्ही एकमेकांशेजारी उभे राहिलेले ह्या डोळ्यांनी बघायचंय, मग सही होवो न होवो. संक्रांत लांब नाही रं.

तंबू मी गेल्यावर घ्यावा. वर्षातून एक मुक्काम, सगळ्यांनी, एका गाडीतून.

वरील सर्व वाचून, समजून, कोणाच्या भुलवण्याला न भुलता सही करीत आहे.

लिहून ठेवणार: बनाबाई नाथाजी विरकर (सही)

साक्षीदार १: इंद्रजित नाथाजी विरकर (सही)
आईने आमच्यासमोर सही केली. पोतं खाली काढून हुंगलं. तंबू अमृतनंच निवडावा.

साक्षीदार २: अमृत नाथाजी विरकर (सही)
आईने आमच्यासमोर सही केली. कलम ८ मधलं "मी गेल्यावर" खोडावं. दादा, येत्या शनिवारी गाडी काढ.

वाचून दाखवणार: लालासाहेब, वकील. मजकुरात खाडाखोड एक, कलम ८, ती बनाबाईंनी स्वतः केली.

ठिकाण: म्हसवड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५