रानात गेलेल्या नवऱ्याचा हिस्सा

मी, ताजुन्निसा, इनायत लोहार यांची पत्नी, वय छप्पन्न, धंदा घरकाम व हत्यारविक्री, राहणार चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दाबाखाली नसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. 'पत्नी' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. सोपानराव मुन्शींनी कच्च्या खर्ड्यात 'विधवा' लिहिलं होतं. ते मी त्यांच्यादेखत खोडलं.

कलम पहिले. बाजारपेठेतलं दोन खणांचं घर आणि पुढची भट्टी पतींनी मला मेहरपोटी लिहून दिली, म्हणून ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. आमच्या शरियतीप्रमाणे मला तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं, बाकीचं वारसांचं. वारस म्हणजे मंचरला दिलेली मुलगी झुलेखा, माझा भाऊ नूरमोहम्मद आणि माझे पती. पतींचा हिस्सा चौथा. काझीसाहेबांनी समजावलं की माणूस बेपत्ता असेल तर त्याच्या वयाची माणसं संपेपर्यंत त्याचा हिस्सा बाजूला राखायचा. तो राखावा. यावरून माझ्यामागे कटकटी होणार, म्हणून ते बेपत्ता कसे झाले तेही इथेच लिहिते.

कलम दुसरे. माझे पती रानात जाणाऱ्यांसाठी हत्यारं घडवत. भीमाशंकरकडे हिरडा वेचणारे, मध काढणारे, कोळसा पाडणारे आमच्याच दुकानातून बोचकं बांधून नेत. लाकडाला कुऱ्हाड, झुडपाला कोयता, फांदी ओढायला आकडी, चामड्याला दाभण, विस्तवाला चकमक. एका हत्याराला एकच काम, हा त्यांचा दंडक. कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, कोणी खुंटी ठोकलेली कळली, तर त्या गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी बंद. मी एकदा दाभणाने नारळाचा डोळा फोडला, तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचं स्वतःचं बोचकं अजून खुंटीला आहे. ते सोडून न बघता, जसंच्या तसं, भीमाशंकरच्या वाटेवरच्या भैरू ठाकराला द्यावं.

कलम तिसरे. नवाब हा माझा धाकटा दीर. देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होता. जर्मनची लढाई संपल्यावर तिथल्या लिलावातून त्याने गोऱ्या सोजिरांचा घडीचा चाकू आणला. त्यात पातं, दाभण, डबा फोडायची चोच, सगळं एकाच मुठीत मिटायचं. माझ्यासमोर उघडझाप करत म्हणाला, "भाबी, येवढं वझं कशापाई वागवायचं? ह्यात समदं हाय."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," पती म्हणाले, आणि तो चाकू हातातसुद्धा घेतला नाही.

त्या साली दिवाळीनंतर भट्टीचा कोळसा आणायला दोघे भाऊ रानात गेले. वाटेत पुन्हा तोच वाद. नवाब म्हणाला, न वापरता नावं ठेवतोस. झालं, पती इरेला पेटले. बोचकं नवाबच्या पाठीवर टाकलं आणि चाकू हिसकावून घेतला. नवाबनेच मला सांगितलेले त्यांचे शब्द असे: "दोन राती निसत्या ह्याच्याव काढतो. माझं हाल झाल्यालं बघशील, तवाच तुझं त्वांड बंद हुईल."

दुसऱ्याचं हत्यार खोटं ठरवायला स्वतःचे हाल करून घ्यायला निघालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. नवाब दोन रात्री ठाकरवाडीत थांबला, मग शोधत फिरला, आणि शेवटी बोचकं घेऊन एकटाच घरी आला.

कलम चौथे. गावातली माणसं गेली, पोलीसपाटील गेले, काही लागलं नाही. पुढे भैरूला चाकू सापडला, आणि त्याने तो आणून दिला. तो आमच्या ओट्यावर उभा राहून सांगत होता, "भाबी, झऱ्यापाशी खडकाव व्हता, मिटून ठिवल्याला. बाजूला चूल व्हती, पाल्याचं खोपाट व्हतं. कातड्याची कातरन पडली व्हती, वहाण शिवली आसल. रगत न्हाई, वढल्याची खून न्हाई. मानूस चांगला ऱ्हायला व्हता, बगा."

म्हणजे त्या चाकूने पाला तोडला, विस्तवाला ढलप्या काढल्या, वहाण शिवली. चाकू कुठेच कमी पडला नाही.

तरी मी गावभर हेच सांगत आले की नवाबच्या चाकूने माझा माणूस खाल्ला. तसं म्हटलं की रडता तरी येतं. नाहीतर प्रश्न उरतो की धडधाकट माणूस घरी का आला नाही? हरलो म्हणून भावाला तोंड दाखवायची लाज वाटली? की मीच नकोशी झाले होते? या घरात मी या प्रश्नाशेजारी जेवते आणि त्याच्याशेजारीच निजते.

कलम पाचवे. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाच्या सुमारास बंद भट्टीतून आवाज येत असे. नवं पातं कानाशी धरून नखाने टिचकी मारायची आणि ऐकायचं, ही पतींची सवय. तीच टिचकी. मग पाण्यात तापलं लोखंड बुडवल्याचा वास. शेजारच्या अंबुबाईंनाही तो आवाज येई. "भाबी, मालक आल्यात जनू," म्हणत त्या पदर सावरून आपल्या घरात जात. नवाबने कुठल्या फकिराचा ताईत आणून दाराला बांधला. तो मी चुलीत घातला. लोकांना भूत आलं की भीती वाटते. मला वाटायची ती, ते आलं नाही तर काय, याची. माझा माणूस मेलेला असेल तर मला सोडून गेलेला नाही, एवढं साधं आहे.

गेल्या थंडीपासून आवाज येत नाही. मी रोज त्या वेळेला दाराशी बसते. फार भीती वाटते.

कलम सहावे. चाकू नवाबला परत द्यावा. तो दर ईदला शीरखुर्मा पाठवतो आणि मी त्याचं भांडं रिकामंच परत पाठवते. परवा म्हणाला, "भाबी, भाई ग्येला आसं मान आता. मयताची गायबाना नमाज पढू दे मला. माझ्या बी जिवाला झोप न्हाई." त्याचा चाकू चांगला आहे. हे मी जिवंतपणी त्याच्या तोंडावर बोलणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

कलम सातवे, आणि शेवटचे. भट्टी विकू अगर भाड्याने देऊ नये. असरच्या वेळेला झुलेखाने कोणाकरवी तिचं दार उघडवत जावं. मेलेला माणूस येत असेल तर त्याला हटकू नये, ताईत बांधू नये, घर त्याचंच आहे. पण माझे पती जिवंत परत आले, तर त्यांना बसायला चटई द्यावी, पोटभर जेवू घालावं, त्यांचा चौथा हिस्सा बिनतक्रार हवाली करावा. आणि माझी कबर त्यांना दाखवू नये.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचून पाहिलं. मुन्शी म्हणाले, शेवटची ओळ कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, राहू द्या. खालील दोघांसमोर सही केली.

मुक्काम चाकण, तारीख ११ मार्च १९५७

सही: ताजुन्निसा इनायत लोहार

साक्षीदार:
सोपानराव मुन्शी, सही
अंबुबाई, शेजारीण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा