अंड्यांच्या टेबलावरच्या सह्या

ग्रँड आयलंड, नेब्रास्का
२६ जून

प्रिय बाबा,

कंबर कशी आहे? आत्या म्हणाली, गारा आपल्या मक्याला चुकवून गेल्या. बरं झालं. मी ठीक आहे, वेळेवर जेवतो.

लिंकनला लायब्ररीच्या पायऱ्यांवर थियाने माझी वाट अडवली, सह्यांचा अर्ज पुढे केला आणि विचारलं, "ट्रॅक्टर स्वतःचा, मग दुरुस्तीला कंपनीची परवानगी कशाला?" त्या क्षणी माझं कॉलेज संपलं. तुम्हाला मात्र मी फोनवर शेतकऱ्यांच्या हक्कांवर भाषण दिलं. तुम्ही म्हणालात, "या हक्काचे केस कुठल्या रंगाचे आहेत रे?" मी फोन आपटला. लालसर आहेत, बाबा.

तेव्हापासून आपण बोललो नाही. म्हणून काल आत्याने तुमचं पाकीट हातात दिलं तेव्हा मला खरंच वाटेना. राजकारण म्हटलं की थुंकणारे तुम्ही, आत्याकडून आमचे कोरे अर्ज मागून घेतलेत, रस्त्याकडेच्या अंड्यांच्या टेबलावर ठेवलेत, पेन सुतळीने बांधलंत. अंडी घ्या, पैसे डब्यात टाका, सही करा. पानंच्या पानं भरलेली. कुचेरांची सही, त्या भांडकुदळ होल्गरचीसुद्धा. एकही खोटी नसणार. आपल्या डब्याला कधी कुणी हात लावलेला नाही.

थियाने ती पानं छातीशीच धरली. आमचं असं आहे, की राज्यभर सह्यांचा ढीग जमला तरी पुरत नाही. पुरेशा काउंट्यांमधून प्रत्येकी ठरलेला हिस्सा आला, तरच दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जातो. एकच काउंटी कमी पडत होती. आपली.

"झालं काम!" थिया म्हणाली. "पानांच्या मागे सही कर, नोटरी खालीच बसलाय."

मागचा मजकूर तुम्ही वाचला नसणार. सह्या गोळा करणाऱ्याला शपथ घ्यावी लागते, की प्रत्येक सही माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि प्रत्येकाला मी मागणी वाचून दाखवली. टेबल शपथ घेऊ शकत नाही, बाबा.

"मी तिथे नव्हतो," मी म्हणालो.

"तुझे वडील होते ना?"

"ते शेतात. अंड्यांपाशी कोण बसतं?"

"सह्या खऱ्या आहेत की नाही?"

"सह्या खऱ्या आहेत. शपथ खोटी होईल."

"मोठा आलास खरं बोलणारा! माझ्यासाठी कॉलेज सोडलंस, आणि एक सही होत नाही?"

माझ्यासाठी. म्हणजे तिला माहीत होतं. एवढे दिवस मी हक्क हक्क करत होतो आणि ती ऐकून घेत होती.

माझं डोकं तुम्हाला ठाऊक आहे. खुर्चीला लाथ मारली, नको ते बोललो. तीही बोलली. मग पेन उचललं. हे सांगायचं टाळत मी इथवर आलो. तुमच्या प्रत्येक पानावर मी आडवी रेघ मारली. पहिल्याच ओळीत तुमची ती ठसठशीत सही होती. तिथे हात थांबला. पण मारली.

थिया शेजारच्या खोलीत फोनवर सगळ्यांना सांगतेय, ओटिसने काउंटी घालवली म्हणून. अजून घालवलेली नाही. मुदत पुढच्या आठवड्यात आहे. माणसं तीच, घरं तीच. दारोदार जाऊन वाचून दाखवीन, नव्याने सह्या घेईन. होल्गर कुत्रा सोडेल, सोडू दे. थिया येईल का, विचारलं नाही. विचारावंसं फार वाटतंय.

सुरुवात तुमच्यापासून. नियमच आहे, मला तुम्हाला मागणी मोठ्याने वाचून दाखवावी लागेल. तुम्हाला ती ऐकावी लागेल, मध्ये टोमणा न मारता. आणि तुमची सही होईपर्यंत मला तुमच्या हाताकडे बघत उभं राहावं लागेल. एवढं जमलं तर पुढचंही जमेल.

आत्या खाली हॉर्न वाजवतेय. हे पत्र ती तुमच्या हातात देईल. तुमचं वाचून होईपर्यंत मी फाटकाबाहेर गाडीतच बसून राहीन.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मी निघतो. दार आपटणार नाही, नुसतं ओढून घेतो.

तुम्ही हाक माराल तरच आत येणारा,
ओटिस